ब्रेकचे ‘ऑइल’, दमट हवा आणि घाटाची उतरण : मोटारीच्या ब्रेकची घरच्या घरी निगा

बेळगावहून चोर्ला किंवा अनमोड घाटाने गोव्यात उतरताना, अथवा आंबोलीहून सावंतवाडीकडे येताना, एखाद्या मोटारीचा ब्रेक ऐन वळणावर ‘लागलाच नाही’ असे चालक सांगतो. तासाभराने गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा पेडल घट्ट असते, पॅड शिल्लक असतात आणि गळती कोठेच आढळत नाही. चालकाच्या सांगण्यावर मग कोणाचा विश्वास बसत नाही. तरीही त्याचे म्हणणे खरे असू शकते. बॉनेटखालच्या लहानशा प्लास्टिकच्या टाकीतील द्रव जुना होऊन त्यात पाणी मुरले असेल, तर तो उतरणीवर तापून उकळतो, ब्रेक निकामी करतो आणि थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत दिसू लागतो. या द्रवाची निगा अल्प खर्चाची आहे आणि तिचा मोठा भाग घरच्या अंगणात करता येतो. मात्र कोणते काम घरी करावे आणि कोठे थांबावे, याची सीमा ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

ब्रेक लागतो कसा

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा नियम मोटारीच्या ब्रेकचा पाया आहे. चालकाने पेडल दाबले की बूस्टर त्या जोरात भर घालतो आणि मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. निर्माण झालेला दाब धातूच्या नळ्या व रबरी होज यांतून चारही चाकांपर्यंत जातो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरचा पिस्टन दोन पॅड फिरत्या डिस्कवर आवळतो. ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर दोन शू बाहेर ढकलून ड्रमच्या आतल्या बाजूस टेकवतो. भारतातील बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात.

चारही चाकांना द्रवचलित ब्रेक असलेली पहिली विक्रीयोग्य मोटार म्हणून अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या १९२१ च्या ‘मॉडेल ए’चा उल्लेख होतो. त्यानंतर शंभर वर्षांत पॅडचे पदार्थ बदलले, एबीएस आले, पण एक अट कायम राहिली. द्रव दाबला जाता कामा नये. द्रव जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. त्या जागी वाफेचे किंवा हवेचे बुडबुडे आले, तर पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो.

नावाला ‘ऑइल’, प्रत्यक्षात तेल नव्हे

गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते तेल नाही. आजच्या बहुतेक मोटारींत ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांचे मिश्रण वापरले जाते. नावामुळे होणारा गैरसमज घातक ठरू शकतो. टाकीतील पातळी खाली गेली म्हणून कोणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे तेल ओतले, तर मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे रबरी सील फुगतात आणि बहुधा संपूर्ण यंत्रणेतील रबरी भाग बदलावे लागतात.

ग्लायकॉल द्रवाचा दुसरा गुणधर्म म्हणजे तो हवेतील बाष्प शोषून घेतो. टाकीच्या झाकणातील श्वासछिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतींतून सूक्ष्म प्रमाणात बाष्प आत शिरतच राहते. पाणी मिसळले की द्रवाचा उत्कलनबिंदू घसरतो. म्हणूनच प्रत्येक दर्जासाठी दोन किमान उत्कलनबिंदू ठरवलेले आहेत. पहिला ताज्या द्रवाचा आणि दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या द्रवाचा.

डॉट ३ : ताजा २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरलेला १४० अंश
डॉट ४ : ताजा २३० अंश, पाणी मुरलेला १५५ अंश
डॉट ५.१ : ताजा २६० अंश, पाणी मुरलेला १८० अंश

‘डॉट’ ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. भारतात अशा द्रवासाठी आयएस ८६५४ हे मानक आहे. डॉट ३, ४ आणि ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल वर्गातील असल्याने एकमेकांत मिसळू शकतात. मात्र टाकीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलेले असताना डॉट ३ भरू नये. डॉट ५ हा प्रकार सर्वस्वी वेगळा आहे. तो सिलिकॉनचा असून तो इतरांत कधीही मिसळू नये. ‘५’ आणि ‘५.१’ यांतील साम्य केवळ आकड्यापुरते आहे.

घाटात नेमके काय घडते

ब्रेक गाडीची गती उष्णतेत रूपांतरित करतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी १२०० किलो वजनाची मोटार पूर्ण थांबवली, तर निर्माण होणारी उष्णता अंगणातल्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. तीच मोटार ६०० मीटर उंची उतरून आली, तर ही उष्णता चोवीसपट भरते. यातील काही वाटा हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि इंजिन उचलतात. गाडी खालच्या गिअरमध्ये नसेल, तर उरलेला जवळजवळ सगळा भार पॅड आणि डिस्क यांच्यावर पडतो. तेथून ती उष्णता पिस्टनमार्गे द्रवापर्यंत पोहोचते.

येथे दोन वेगळ्या बिघाडांतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. पॅड अतिशय तापले, की त्यांची घर्षणक्षमता कमी होते. पेडल घट्ट लागते, जळका वास येतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. द्रव उकळला असेल, तर पेडल मऊ पडते आणि फळीपर्यंत खाली जाते. ही दुसरी अवस्था अधिक भयंकर, कारण ती फारशी पूर्वसूचना देत नाही. एखाद्या कट्ट्यावर गाडी पाच मिनिटे थांबवली असता चाकांना लागणारा वारा थांबतो, डिस्कची उष्णता द्रवात झिरपते आणि पुन्हा निघताना पहिल्याच वळणावर पेडल खाली जाते, असेही घडते.

अशा वेळी पेडल भराभर अनेकदा दाबावे, त्याने काही दाब परत मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. बहुतेक मोटारींत हँडब्रेक तारेने चालत असल्याने द्रव उकळला तरी तो काम करतो. मूळ उपाय मात्र आधीचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो, त्याच्या आसपासच्या गिअरमध्येच तो उतरावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालच्या गिअरची सोय वापरावी. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे आपणहून संकट ओढवणे होय. इंजिन बंद झाले, की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

किनारपट्टीच्या हवेचा हिशेब

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवा बाष्पाने भरलेली असते. अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, ब्रेक द्रव बदलावा असे सांगतात. नेमकी मुदत गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. या नियमातील ‘दोन वर्षे’ हा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. वर्षाला चार हजार किलोमीटर चालणारी गाडी किलोमीटरच्या हिशेबाने दहा वर्षे निर्धोक वाटेल; बाष्प मात्र गाडी उभी असतानाही आत शिरत असते. मालक आखातात किंवा जहाजावर नोकरीला आणि गाडी सहा-आठ महिने पोर्चमध्ये झाकलेली, हे चित्र गोव्यातील अनेक घरांत दिसते. अशा गाडीचा द्रव कमी चाललेला असला, तरी कमी जुना नसतो. विद्युत मोटारींनाही हे लागू आहे. त्यांत मोटरच वेग कमी करीत असल्याने पॅड कमी झिजतात, परंतु द्रवाचे वय वाढतच राहते.

खारी हवा धातूलाही सोडत नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या, की एकच पॅड झिजतो आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूस ओढते. पावसात ओढलेला हँडब्रेक कित्येक दिवस तसाच राहिला, तर मागचे शू ड्रमला चिकटतात. म्हणून पावसाळ्यात गाडी फार दिवस उभी करावयाची असेल, तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावून ठेवावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा. साचलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढल्यावर संथ गतीत पेडल दोन-तीनदा हलके दाबून ब्रेक कोरडे करावेत.

महिन्यातून दहा मिनिटे : प्रत्येकाला जमणारी तपासणी

पुढील तपासणीला कोणतेही यांत्रिक कौशल्य लागत नाही.

१. द्रवाची पातळी : टाकी अर्धपारदर्शक असल्याने झाकण न उघडता पातळी दिसते. ती किमान आणि कमाल रेषांच्या दरम्यान असावी. पॅड झिजत जातात तशी पातळी अतिशय संथ गतीने उतरते, हे स्वाभाविक आहे. ती आठवड्या-पंधरवड्यात उतरली, तर गळती आहे असेच समजावे. केवळ नवा द्रव ओतून पातळी भरणे म्हणजे लक्षण झाकणे होय. काही गाड्यांत क्लचही याच टाकीतून द्रव घेतो. तेव्हा गळतीचा शोध घेताना तोही तपासावा.

२. रंग : ताजा द्रव फिकट पिवळसर असतो. चहासारखा गडद झालेला द्रव बदलण्यास आलेला आहे. मात्र स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही पाणी असू शकते, म्हणून रंगापेक्षा तारखेवर विसंबावे. पेनच्या आकाराचे आर्द्रतामापक बाजारात मिळते. त्याचा निष्कर्ष अंदाजापुरता घ्यावा.

३. पेडल : इंजिन सुरू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारख्या जोराने दाबून धरावे. ते सावकाश खाली बसत गेले, तर बाहेरची गळती किंवा मास्टर सिलिंडरच्या सीलमधील बिघाड संभवतो. दाबताना ते स्पंजासारखे लागले, तर यंत्रणेत हवा असू शकते.

४. चाकांची आतली बाजू : टायरच्या आतल्या भिंतीवर ओल किंवा चिकट डाग, होजवर चिरा किंवा फुगवटा दिसल्यास गाडी चालवू नये.

५. पॅड : चाकाच्या फटींतून टॉर्च मारल्यास बाहेरचा पॅड दिसतो. घर्षणाचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला, की बदलण्याची तयारी करावी. अनेक पॅडना असलेली पत्र्याची पट्टी या टप्प्यावर डिस्कला घासून किरकिर आवाज करते. खरखर आवाज येऊ लागला, तर पॅड संपून लोखंड डिस्कला घासत असण्याची शक्यता असते.

द्रव बदलणे

हे काम दोन माणसांचे आहे. एक पेडलवर, दुसरा चाकापाशी. द्रवाची नवी, सीलबंद बाटलीच आणावी. लहान मोटारीला बहुधा अर्धा ते एक लिटर पुरतो. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली झाकण घट्ट असले तरी वापरू नये. गॅरेजमध्ये काम करून घेतानाही उघड्या डब्यातील द्रव नाकारून सीलबंद बाटली समोर उघडण्याचा आग्रह धरावा.

प्रथम टाकीतील जुना द्रव मोठ्या सिरिंजने किमान रेषेपर्यंत काढून तेथे नवा भरावा. चाकापाशी कॅलिपरवर किंवा व्हील सिलिंडरवर रबरी टोपी असलेले निपल असते. त्यावर योग्य मापाचा रिंग पाना बसवून पारदर्शक नळी जोडावी आणि तिचे दुसरे टोक थोडा ताजा द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे. पेडलवरच्या व्यक्तीने ते सावकाश दाबून धरावे व ‘दाबले’ असे सांगावे. मग निपल पाव फेरी सैल करावे. जुना द्रव बाहेर येतो. निपल पुन्हा घट्ट केल्यावरच ‘सोडा’ म्हणावे. हा क्रम उलटला, तर हवा आत ओढली जाते. नळीतून बुडबुडे नसलेला ताजा द्रव येईपर्यंत हे चालू ठेवावे.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकीत भर घालावी. ती रिकामी झाली, तर मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि सारे काम पुन्हा करावे लागते. साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. परंतु काही गाड्यांत क्रम वेगळा असल्याने माहितीपुस्तिका प्रमाण मानावी. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातील गंज सीलला कापतो. म्हणून पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा. गंजलेल्या निपलवर जोर करणे टाळावे. ते तुटले, तर शंभर रुपयांची बचत कॅलिपरच्या किमतीवर जाते.

हा द्रव मोटारीचा रंग उकलतो. सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे आणि चष्मा वापरावा, मुलांना दूर ठेवावे. जुना द्रव गटारात, विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नये. बंद बाटलीत भरून गॅरेजच्या टाकाऊ द्रवांबरोबर द्यावा.

पुढचे पॅड बदलणे

ज्यांना चाक बदलण्याचा चांगला सराव आहे, त्यांनीच हे काम हाती घ्यावे. अंगणातील माती पावसाने मऊ झालेली असेल, तर जॅक खचतो. फरशी किंवा काँक्रीटची सपाट जागा निवडावी. मागील चाकांना ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत. गाडी उचलल्यावर ती जॅकस्टँडवर टेकवावी. गाडीबरोबर मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला, की पॅड सुटे होतात. कॅलिपर पूर्ण काढल्यास होजवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. डिस्क त्याहून पातळ झाली असेल किंवा तिला खोल चरे पडले असतील, तर नवे पॅड घालून उपयोग नाही. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबावा. त्या वेळी टाकीतील द्रव वर चढतो, तो ओसंडू नये म्हणून आधी थोडा काढून ठेवावा. सरकत्या पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबराला फुगवते. पॅडच्या घर्षणाच्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचा किंवा तेलकट बोटांचाही स्पर्श होऊ देऊ नये.

धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या किंवा अनोळखी बनावटीच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसावी. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

चाके बसवल्यावर सर्वांत महत्त्वाची कृती उरते. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिले दोन-चार दाब पोकळच जातात. ही कृती विसरून गाडी फाटकावर जाऊन आदळण्याची भीती असते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून दहापर्यंत असे आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करून पॅड डिस्कशी जुळवून घ्यावेत. चाकांचे नट पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत.

येथे थांबावे

पेडल खाली बसणे, कोठेही गळती, मास्टर सिलिंडर किंवा बूस्टरचा बिघाड, एबीएसचा दिवा सतत पेटणे, धातूची नळी गंजणे, ही कामे गॅरेजचीच. एबीएसच्या यंत्रात हवा अडकली, तर ती काढण्यास अनेक गाड्यांत संगणकीय उपकरण लागते. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड विशिष्ट दुरुस्ती-स्थितीत नेल्याशिवाय बदलू नयेत, अन्यथा त्याची मोटर निकामी होते. मागील ड्रममधील स्प्रिंगांची मांडणीही पहिल्याच प्रयत्नात घरी करण्याजोगी नाही. द्रव बदलल्यानंतर पेडल आधीपेक्षा मऊ लागत असेल, तर ती गाडी चालवत नेऊ नये, मेकॅनिकला घरी बोलवावे.

ज्यांना यातील कोणतेही काम स्वतः करावयाचे नाही, त्यांनाही एक नोंद ठेवता येईल. द्रव बदलल्याचा महिना आणि वर्ष कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावी. जुनी गाडी विकत घेताना अशी नोंद नसेल, तर द्रव जुना आहे असे गृहीत धरून तो पहिल्याच आठवड्यात बदलावा. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, घाटातील प्रवास वाढण्यापूर्वी, ही तारीख पाहिली तर दोन वर्षांची मुदत सहसा चुकत नाही.